साखळीची निगा

तुमच्या घरी मोटारसायकल असेल, तर तिची साखळी तुम्ही कधी पाहिली होती ते आठवा. बहुतेकांना आठवणार नाही. गाडी पुसताना आपण टाकी चमकवतो, आरसे पुसतो, दिव्याची काच स्वच्छ करतो. साखळी झाकणाच्या आत असते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग एक दिवस ती भर रस्त्यात उतरते किंवा तुटते, आणि तेव्हाच सर्वांना तिची आठवण होते.

गिअरची मोटारसायकल चालवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि परवाना लागतो. तुमचे ते वय अजून झालेले नाही. पण साखळी पुसायला आणि तिला तेल घालायला वयाची अट नाही. अब्बांची किंवा मोठ्या भावाची गाडी दारात उभी असेल, तर त्यांना विचारून हे काम तुम्ही करू शकता. पहिल्या वेळी मात्र घरातील जाणते माणूस जवळ असू द्या. ते का, हे पुढे कळेलच.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. २०२३ सालापर्यंत या जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते नाव अजून येते. भूम आणि वाशी हे तालुके खव्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिकडे पहाटे रस्त्यावर उभे राहा. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या बांधून माणसे खव्याच्या भट्टीकडे निघालेली दिसतील. कळंब आणि ढोकीच्या बाजूला ऊसतोडीच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर शेतातील चिखल चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर आणतात, आणि त्याच चिखलातून मोटारसायकली जातात. येडशीजवळ रामलिंगचा घाट आहे, तुळजापूरला घाट आहे. बालाघाटच्या डोंगरांमुळे चढ-उतार काही सुटत नाहीत. दोन माणसे, दोन किटल्या आणि समोर घाट! हे सारे ओझे इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत कोण पोहोचवते? बोटाएवढ्या रुंदीची ती साखळी.

आता ती कशी बनलेली असते ते पाहू.

इंजिनाच्या बाजूला एक लहान दातेरी चाक असते. मागच्या चाकाला एक मोठे दातेरी चाक बसवलेले असते. इंग्रजीत त्याला स्प्रॉकेट म्हणतात. गॅरेजमध्ये ‘स्पॉकेट’ असेही ऐकू येते. या दोन चाकांवरून साखळी फिरते. समजा, लहान चाकाला १४ दाते आहेत आणि मोठ्याला ४२. म्हणजे लहान चाक तीन वेळा फिरेल तेव्हा मागचे चाक एकदा फिरेल. वेग तिसरा हिस्सा होतो, पण चाक फिरवण्याचा जोर तिप्पट होतो. म्हणूनच एवढेसे इंजिन भरलेली गाडी घाटावर चढवते.

साखळीला उर्दूत ‘जंजीर’ म्हणतात. पण विहिरीची किंवा दाराची जंजीर वेगळी आणि ही वेगळी. दाराच्या साखळीत कडीत कडी अडकवलेली असते. मोटारसायकलच्या साखळीत प्रत्येक सांध्याच्या मधोमध एक पोलादी पिन असते. पिनेवर एक पोकळ नळी असते, तिला बुश म्हणतात. बुशवर आणखी एक सैल नळी असते, तिला रोलर म्हणतात. हे सगळे दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांनी एकत्र धरलेले असते. दाता रोलरला लागतो तेव्हा रोलर थोडा फिरतो, त्यामुळे दाता घासला जात नाही. साखळी दातेरी चाकावर वळते तेव्हा बुशच्या आत पिन किंचित फिरते. बाहेरून आपल्याला फक्त पट्ट्या आणि रोलर दिसतात. खरी हालचाल आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये चालते.

ही बुश असलेली साखळी हान्स रेनॉल्ड यांनी शोधली. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांचा जन्म १८५२ सालचा. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गेले. तेथे कापडाच्या गिरण्या होत्या, आणि गिरण्यांतील यंत्रांना साखळ्या लागत. १८७९ साली त्यांनी अशा साखळ्या बनवणारा एक लहान कारखाना विकत घेतला आणि १८८० साली आपल्या नव्या साखळीचे पेटंट मिळवले. त्याआधीच्या साखळ्यांत पिन पट्टीच्या पातळ कडेवरच घासत असे आणि लवकर झिजे. रेनॉल्ड यांनी मध्ये नळी घातली. त्यामुळे पिनेवरचा दाब नळीच्या सगळ्या लांबीवर पसरला. एवढीशी युक्ती, पण तिच्यामुळे आधी सायकली आणि नंतर मोटारसायकली रस्त्यावर नीट धावू लागल्या.

साखळीने काम करून घेण्याची कल्पना मात्र त्याहून फार जुनी आहे. अल-जझरी या कारागिराने १२०६ साली आपला यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसण्याच्या यंत्रांची वर्णने आणि चित्रे आहेत, आणि त्यांत साखळीला भांडी बांधून पाणी वर आणणारे यंत्रही आहे. आपल्याकडे अशा यंत्राला रहाटगाडगे म्हणतात. भरलेली गाडगी वर येतात, रिकामी खाली जातात आणि माळ फिरत राहते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. साखळी खराब होते म्हणजे तिचे नेमके काय होते?

‘साखळी ताणली गेली’, ‘साखळी वाढली’ असे लोक म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते की पोलाद रबरासारखे लांबले. तसे होत नाही. पट्ट्या आहे तेवढ्याच राहतात. पिन झिजून बारीक होते आणि बुश आतून झिजून रुंद होतो. दोघांमध्ये फट पडते. एका सांध्यातील ही फट इतकी लहान असते की डोळ्यांना दिसत नाही. पण साखळीत सांधे किती असतात?

गणित करून पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान मोटारसायकलींच्या साखळीवर ‘४२८’ असा आकडा कोरलेला असतो. अशा साखळीत एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असते. गंमत म्हणजे तुमच्या सायकलच्या साखळीतही हे अंतर तेवढेच असते, फक्त ती साखळी अरुंद असते. समजा, मोटारसायकलच्या साखळीत असे १०४ सांधे आहेत. प्रत्येक सांधा फक्त ०.१ मिलिमीटर झिजला. हे अंतर तुमच्या वहीच्या एका पानाच्या जाडीएवढे आहे. १०४ ला ०.१ ने गुणा. साखळी १०.४ मिलिमीटरने, म्हणजे एक सेंटिमीटरहून अधिक वाढली! मराठीत ‘थेंबे थेंबे तळे साचे’ अशी म्हण आहे. येथे थेंबाथेंबाने नुकसान साचते.

आणखी एक हिशेब करू. मागच्या दातेरी चाकाला ४२ दाते असतील आणि चाक नेहमीच्या अठरा इंची आकाराचे असेल, तर गाडी एक किलोमीटर जाते तेवढ्यात साखळीच्या दोनशेहून अधिक फेऱ्या होतात. एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो. लहान चाकावर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. मोठ्या चाकावर पुन्हा तसेच. धाराशिवहून तुळजापूर सुमारे वीस किलोमीटर आहे. तेवढ्या प्रवासात एक-एक सांधा सोळा हजारांहून अधिक वेळा हलतो! तोही ओझ्याखाली. त्या फटीत तेलाचा पातळ थर असेल, तर पोलाद पोलादाला लागत नाही. थर नसेल, तर प्रत्येक हालचालीत कण-कण झिजत जातो.

म्हणून साखळीच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. तेल साखळीला ‘लावायचे’ नसते, तिच्या सांध्यांत ‘घालायचे’ असते. मराठीत या दोन क्रियापदांत मोठा फरक आहे. केसांना तेल लावतात, दिव्यात तेल घालतात. साखळी ही दिव्यासारखी आहे.

यंत्राला घालायच्या तेलाला किंवा चरबीसारख्या पदार्थाला मराठीत ‘वंगण’ म्हणतात. हा शब्द बैलगाडीच्या काळापासूनचा आहे. गाडीचे चाक ज्या दांड्यावर फिरते त्याला आस किंवा आख म्हणतात. त्या आसाला वंगण दिले नाही तर चाक कुरकुरते आणि बैलांना गाडी जड जाते. लांबच्या प्रवासाला निघताना गाडीवान वंगणाचे भांडे बरोबर ठेवत. आता बैलगाड्या कमी झाल्या, पण शब्द टिकला.

कोणते वंगण घ्यावे? साध्या साखळीसाठी ९० नंबरचे गिअर ऑईल चांगले. ते दाट असते, त्यामुळे लवकर उडून जात नाही. साखळीसाठी फवारा मारायचे डबेही मिळतात. त्यातील वंगण फवारताना पातळ असते म्हणून सांध्यात शिरते आणि थोड्या वेळाने दाट होते. ते सोयीचे आहे, पण महाग पडते. गाडीबरोबर एक छापील पुस्तिका मिळते. ती बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी पडलेली असते. ती शोधून काढा. त्यात तुमच्या गाडीला कोणते तेल चालते आणि साखळी किती सैल असावी हे दिलेले असते.

गावोगाव एक सवय आहे. इंजिनातून काढलेले काळे, जळके ऑईल डब्यात साठवून ठेवायचे आणि तेच साखळीवर ओतायचे. फुकटचे तेल! पण ते काळे का झाले याचा विचार करा. त्यात इंजिनातील काजळी आहे आणि धातूचे बारीक कण आहेत. जी झीज थांबवण्यासाठी आपण तेल घालतो, ती झीज करणारे कणच आपण सांध्यात सोडतो. दुसरी सवय ग्रीस थापण्याची. घट्ट ग्रीस पिन आणि बुश यांच्या मधल्या बारीक फटीत शिरत नाही. ते बाहेरच बसते आणि धूळ पकडते. साखळी बाहेरून चिकट आणि काळी दिसते, मालकाला वाटते की भरपूर वंगण आहे. आत मात्र सांधे कोरडे असतात.

आपल्याकडच्या मातीचाही विचार केला पाहिजे. विळ्याला धार लावताना दगडावर थोडे पाणी टाकतात, मग विळा चांगला घासला जातो. तेलात माती मिसळली की साखळीत तसेच होते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची मुरमाड धूळ उडते आणि तेलकट साखळीवर बसते. पावसाळ्यात काळी माती चाकाला, मडगार्डला, साखळीच्या झाकणाला धरून बसते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली, तर तेल धुऊन जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर तांबूस डाग दिसतात. उर्दूत ज्याला ‘जंग’ म्हणतात, त्याला मराठीत ‘गंज’ म्हणतात. अक्षरे तीच, फक्त उलटी! कोणत्याही भाषेत नाव घ्या, तो साखळीचा शत्रू आहे. म्हणून साधारण पाचशे किलोमीटरला एकदा तेल घालावे, आणि पावसात भिजल्यावर किंवा गाडी धुतल्यावर किलोमीटर मोजत बसू नये.

काम सुरू करण्याआधी एक नियम आहे. तो मोडायचा नाही. इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा.

हे एवढे ठासून सांगण्याचे कारण आहे. काही जण गाडी मेन स्टँडवर लावतात, इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकतात आणि फिरत्या साखळीवर फडके धरतात. साखळी आपोआप फिरते, काम लवकर होते. पण फडक्याचा एखादा धागा दात्यात अडकला की फडके आत ओढले जाते आणि फडक्याबरोबर हात. साखळी आणि दाता यांच्या मध्ये बोट सापडले, तर हात मागे घ्यायला क्षणभरही मिळत नाही. बोटे तुटतात. गॅरेजमधील एखादा जुना उस्ताद असे करताना दिसला, तरी त्याचे अनुकरण करू नका. त्याचा हात वाचत आला, एवढाच त्याचा अर्थ. चाक नेहमी हातानेच फिरवायचे, आणि फिरवताना दुसरा हात साखळीपासून दूर ठेवायचा. लहान भावंडांनाही चाकाजवळ येऊ देऊ नका. गाडी चालवून आल्याबरोबर धुराडे तापलेले असते, त्याला हात किंवा पाय लागू देऊ नका.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी करा. गिअर न्यूट्रलमध्ये असू द्या, म्हणजे मागचे चाक मोकळे फिरेल. खाली जुने वर्तमानपत्र पसरा. साखळीवर पूर्ण झाकण असेल, तर त्याला एक रबरी बूच असते. ते काढले की आतील साखळीचा तुकडा दिसतो. तेल घालण्यापुरते तेवढे पुरते. नीट साफ करायची असेल, तर झाकण काढावे लागते. ते दोन-तीन महिन्यांतून एकदा मोठ्यांच्या मदतीने करा. काढलेले स्क्रू वाटीत ठेवा, नाही तर मातीत शोधत बसाल.

साफ करण्यासाठी फडके आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे. फडके रॉकेलमध्ये किंवा थोड्या डिझेलमध्ये भिजवा आणि साखळीच्या चारही अंगांनी पुसा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ लगेच पसरते आणि जवळ चूल किंवा विडी पेटलेली असेल तर भडका उडतो. रॉकेलही विस्तवापासून दूरच असू द्या. काही मोठ्या गाड्यांच्या साखळीत पट्ट्यांच्या मध्ये बारीक रबरी कड्या असतात. कारखान्यातच आत ग्रीस भरून या कड्यांनी ते बंद केलेले असते. अशा साखळीवर तारेचा ब्रश कधीही चालवू नये. रबर फाटले की आतले ग्रीस गेले, आणि ते परत भरता येत नाही. तिलाही बाहेरून तेल लागते, पण ते रोलरसाठी आणि गंज लागू नये म्हणून.

पुसून झाल्यावर साखळी कोरडी होऊ द्या. आता तेल. साखळीत एक सांधा वेगळा दिसतो. त्यावर एक चिमट्यासारखी पट्टी असते. त्याला लॉक म्हणतात. साखळीची दोन टोके तेथे जोडलेली असतात. तेथून सुरुवात करा, म्हणजे फेरी कोठे संपली हे कळेल. साखळीची वरची आणि खालची अशी दोन अंगे असतात. झाकण काढलेले असेल, तर खालच्या अंगाच्या आतल्या, म्हणजे वर दिसणाऱ्या बाजूला तेल घाला. कारण साखळी दातेरी चाकावरून जोरात वळते तेव्हा तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाते. आत घातलेले तेल बाहेर पडताना सांध्यातून जाते. बाहेर घातलेले तेल सरळ मडगार्डवर उडते! दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीवर एक थेंब, त्याच सांध्याच्या दुसऱ्या कडेला एक थेंब. मग चाक थोडे फिरवा आणि पुढचा सांधा घ्या. घाई करू नका. १०४ सांधे आहेत, तेवढा वेळ लागणारच. टायरवर किंवा ब्रेकवर तेल पडू देऊ नका. तेलकट टायर वळणावर घसरतो.

सर्व सांधे झाले की चाक दहा-बारा वेळा फिरवा आणि गाडी तशीच राहू द्या. हे काम संध्याकाळी केले तर उत्तम. गाडी चालवून आल्यावर साखळी कोमट असते, तेल सहज आत शिरते आणि रात्रभर मुरते. सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचे तेल पुसून टाका. ‘एवढे घातले आणि आता पुसायचे?’ असे तुम्हाला वाटेल. पण बाहेरचे तेल काही कामाचे नाही, ते फक्त धूळ गोळा करते. चांगली साखळी बाहेरून जवळजवळ कोरडी आणि आतून ओली असते.

वापरलेले रॉकेल आणि काळी फडकी गटारात किंवा विहिरीजवळ टाकू नका. आपल्या जिल्ह्यात पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. ते एका डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या; तेथे जळके ऑईल एकत्र साठवतात.

तेलाइतकेच महत्त्व साखळीच्या सैलपणाला आहे. कंपासपेटीतील पट्टी घ्या. खालच्या अंगाच्या मधोमध साखळी बोटाने वर ढकला आणि मग खाली ओढा. दोन्हींमधील अंतर मोजा. लहान मोटारसायकलींना ते साधारण २० ते ३० मिलिमीटर असावे लागते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. चाक थोडे-थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही.

साखळी फार सैल असेल तर ती झाकणावर आपटते, खडखड आवाज येतो आणि एखाद्या खड्ड्यात ती दात्यांवरून उतरते. उतरलेली साखळी मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबते. वेगात असताना असे झाले तर काय होईल ते सांगायला नको.

मग ती अगदी ताठ केली तर? अनेकांना तेच बरे वाटते. पण ताठ साखळी सैल साखळीइतकीच वाईट. मागचे चाक ज्या लांब दांड्यांना धरलेले असते त्यांना गॅरेजमध्ये ‘चिमटा’ म्हणतात. गाडीवर माणसे बसली की चिमटा वर-खाली होतो आणि दोन दातेरी चाकांमधील अंतर थोडे बदलते. रिकाम्या गाडीवर ताठ दिसणारी साखळी दोन माणसे आणि दुधाच्या किटल्या चढल्यावर तारेसारखी ताणली जाते. मग साखळीवर आणि इंजिनातील बेअरिंगवर जोर येतो. थोडा सैलपणा त्यासाठीच ठेवलेला असतो.

मोजणे तुमचे काम. साखळी आवळणे मात्र मिस्त्रीचे किंवा घरातील जाणत्या माणसाचे. त्यासाठी मागच्या चाकाचा नट सैल करावा लागतो, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या लागतात आणि नंतर ब्रेकही पुन्हा तपासावा लागतो. एका बाजूची खूण मागे-पुढे राहिली तर चाक तिरके बसते.

साखळीच्या झाकणाविषयी एक शब्द. गाडी ‘स्टाइलिश’ दिसावी म्हणून काही तरुण झाकण काढून टाकतात. मागच्या चाकाच्या बाजूची जाळीही काढतात. मला यात काहीच शोभा दिसत नाही. आपल्या आया-बहिणी मागे एका बाजूला पाय सोडून बसतात. साडीचा पदर, ओढणी किंवा बुरख्याचा घेर वाऱ्याने साखळीत किंवा चाकाच्या तारांत गेला, तर कापडाबरोबर माणूसही खाली ओढले जाते. हे ध्यानात घेऊनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाने मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकेल असे आवरण बंधनकारक केले आहे. अम्मी गाडीवर बसल्या की पदर किंवा ओढणी आवरली आहे ना, हे गाडी सुटण्याआधी पाहणे हेही तुमचे काम समजा.

कितीही निगा राखली तरी साखळी कधीतरी संपतेच. ती बदलायची वेळ कशी ओळखावी? साखळी ताणून धरा आणि वीस सांध्यांचे अंतर मोजा. नव्या ‘४२८’ साखळीत ते २५४ मिलिमीटर असते. साधारण दोन टक्के वाढ झाली, म्हणजे ते २५९ पर्यंत गेले, की साखळी बदलावी. पट्टी नसेल तर आणखी सोपा उपाय आहे. मागच्या दातेरी चाकाच्या अगदी मागच्या टोकाला साखळी बोटांनी धरून मागे ओढा. ती दात्यावरून उठून निम्मा दाता उघडा दिसला, तर साखळी झिजली. दातेही पाहा. नवे दाते दोन्ही बाजूंनी सारखे असतात. झिजलेले दाते एका बाजूला वाकल्यासारखे, ऊस तोडायच्या कोयत्याच्या टोकासारखे दिसतात.

अशा वेळी पैसे वाचवण्यासाठी फक्त साखळी बदलण्याचा मोह होतो. जुन्या दात्यांवर नवी साखळी घातली, तर ती लवकर खराब होते, कारण दोघांची मापे आता जुळत नाहीत. साखळी आणि दोन्ही दातेरी चाके असा पूर्ण संच एकदम बदलतात. नवी साखळी बसवून झाल्यावर लॉककडे नजर टाका. त्यावरील पट्टीचे एक तोंड बंद आणि एक उघडे असते. साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला बंद तोंड असले पाहिजे. उलटे बसले तर एखाद्या धक्क्याने पट्टी निघू शकते.

मिस्त्रीने काढलेली जुनी साखळी भंगारात जाण्याआधी तिचा एक तुकडा मागून घ्या. त्याला एक सांधा उघडून द्यायला सांगा. पिन हातात घेऊन पुसा आणि तिच्यावरून नख फिरवा. दोन्ही टोकांना, जेथे ती पट्टीत बसलेली होती, ती गुळगुळीत आणि गोल लागेल. मधल्या भागात एका बाजूला नख खाली उतरेल. तेथे खोलगट झीज असेल. आता तोच तुकडा आडवा धरून हलवा, आणि शेजारी नव्या साखळीचे टोक तसेच हलवून पाहा. किती फरक आहे ते वहीत लिहा, आणि ती साखळी किती किलोमीटर चालली होती ते गाडीच्या मालकाला विचारून त्याखाली नोंदवा.